करंजी तळली की आपण मूर्तिपूजक?

सातरस्त्याचा
काल इथं बेरियाकर म्हणाले, "२५ डिसेंबर रोमन सूर्यदेवाचा. बायबलात नाताळ नाही. झाड लावणारा, करंज्या तळणारा ख्रिस्ती अर्धा मूर्तिपूजक." गप्प बसणार होतो, पण 'मूर्तिपूजक' शब्द पचला नाही.

तारीख शास्त्रात नाही, कबूल. लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय २) मेंढपाळ रात्री रानात आहेत, एवढंच. बाळ येशूला भेटायला आलेले मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, तीन होते असं मत्तयही म्हणत नाही. भेटी तीन, म्हणून आपण तिघांना उंटावर बसवलं. ते गोठ्यात नाही, घरात आले, हेही खरं. पण 'सूर्यदेवाचा दिवस चोरला' हे एवढं सोपं नाही. त्या दिवसाला सूर्याचा जन्म आणि ख्रिस्ताचा जन्म, दोन्ही नोंदी ३५४ सालच्या एकाच रोमन पंचांगात आहेत. आता कुणी कुणाचा उचलला? शिवाय २५ मार्चला गर्भधारणा मानून नऊ महिने मोजण्याचा जुना हिशेबही आहेच.

बेरियाकर
हिशेब तरी शास्त्रात आहे का? नाही ना, मग विषय संपला. झाड तोडून सजवण्याबद्दल बायबलातला यिर्मया १० वाचा. आणि सोलापुरात ज्यांनी आपल्याला बायबल दिलं ते अमेरिकन मराठी मिशनवाले कुठल्या परंपरेतले? न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांच्या, म्हणजे कडक प्रोटेस्टंटांच्या. त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ला नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला होता. आम्ही काही नवीन काढलेलं नाही.

सातरस्त्याचा
१६८१ ला तो कायदा रद्दही झाला, ते सोडलंत सोयीनं. यिर्मया मूर्ती घडवणाऱ्याबद्दल बोलतोय. नाताळचं झाड त्यानंतर दोन हजार वर्षांनी जर्मनीत आलं.

मुरारजीपेठेची सून
तारखा तुम्ही बघा. मला करंजीबद्दल बोलायचंय. माझ्या सासूबाई चाळीस वर्षं नाताळात शेजारच्या सहा घरी फराळ देतात, दिवाळीत त्या घरांतून आपल्याकडं येतो. मागं एका उपदेशकानं त्यांचा डबा न उघडता परत पाठवला, 'अन्यजातींचं', म्हणजे परधर्मीयांचं, म्हणून. पंधरा दिवस त्या तळणाजवळ गेल्या नाहीत. कुठल्या वचनात बसतं हे?

शेंगापोळी
वहिनी, पण सारणात रवा घालता का? करंजीत रवा म्हणजे पाप, ते शास्त्रात नसलं तरी.

मुरारजीपेठेची सून
रवा नाही घातला तर खोबऱ्याचं तेल सुटतं, तिसऱ्या दिवशी करंजी मऊ पडते. तुम्ही करून बघितलीय का कधी?

शेंगापोळी
आमच्या आईची आठ दिवस खुसखुशीत राहते. खोबरं मंद आचेवर भाजायला दम लागतो.

रंगभवनकर
काय चाललंय बे? मला वाटलं येशूच्या जन्माबद्दल आहे. असो. खसखस घाला, दोघांचंही भागेल.

बेरियाकर
चेष्टा चालू द्या. डबा परत पाठवणं चुकलंच, मी तसं कधी केलं नाही. पण प्रश्न तोच: देवानं न सांगितलेला सण आपण का पाळायचा?

सातरस्त्याचा
योहान १०:२२ उघडा. हिवाळा आहे, येशू मंदिरात फिरतोय आणि सण चालू आहे मंदिराच्या शुद्धीकरणाचा, मक्काबी या यहूदी बंडखोरांच्या काळात सुरू झालेला. मोशेच्या नियमशास्त्रात तो कुठं आहे? तरी प्रभूनं नावं ठेवल्याचं दिसत नाही. आणि तुम्ही रविवारी टाळ घेऊन ना. वा. टिळकांची भजनं म्हणता. टाळ यरुशलेमेतून आले का?

बेरियाकर
टाळ स्तोत्र १५० मध्ये आहेत. आधी वाचत जा, मग बोला.

सातरस्त्याचा
बरं, टाळ तुमचे. भजन?

बेरियाकर
…योहानाचा मुद्दा घरी बसून बघतो. पटला असं म्हटलेलं नाही. रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायाप्रमाणे तुम्ही दिवस पाळा, मी पाळणार नाही, पण 'प्रभूचा खरा वाढदिवस' असं पोरांना शिकवू नका. खोटं ते खोटंच.

सातरस्त्याचा
ते मान्य. आधीपासूनच होतं, तुम्ही विचारलंच नाही.

मुरारजीपेठेची सून
काका, २५ ला डबा पाठवते. उघडा तरी.

बेरियाकर
करंजी नको. शेंगापोळी असेल तर बघू, ती काही रोमची नाही.

रंगभवनकर
गोल असते पण ती. सूर्यासारखी.