मदत हवी आहे - जिनिंगमधल्या हमालांचा विमा कोणाच्या नावावर?

भाऊ लोकं, धरणगावकडे आमची छोटी जिनिंग (कापसातून सरकी काढायचा कारखाना) आहे, कायमचे कामगार थोडेच, पण दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की मुकादमाच्या टोळीतले हमाल येतात आणि रोज माणसं बदलतात. वर्कमेन कंपेन्सेशनची (कामावर लागलं तर कामगाराला भरपाई देणारी) पॉलिसी काढायचीये, तर एजंट म्हणतो फक्त कायमच्यांची नावं टाका, हमालांचं मुकादम बघेल. हे काही पटत नाही भो, कारण 1923 च्या भरपाई कायद्यात होतं तसंच आता त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ठेकेदाराच्या माणसाला लागलं तरी भरपाई मूळ मालकाकडून मागता येते, नंतर आपण ठेकेदाराकडून वसूल करत बसायचं. आणि मुकादमाकडून काय वसूल होणार!

तर ठेकेदाराचे कामगार जोडून घ्यायचं कलम पॉलिसीत कसं टाकून घेतलं तुम्ही? नावं न देता सीझनच्या एकूण मजुरीवर प्रीमियम बसतो का? आणि टोळी धरून 10 च्या वर माणसं झाली तरी जिनिंग सीझनल कारखाना म्हणून ईएसआयतून (सरकारी कामगार विमा) सूटच ना?

अजून एक, रोलरला रुई गुंडाळली की पोरं मशीन चालू ठेवूनच हात घालतात, सांगून सांगून थकलो. गार्ड उघडलं की मोटर बंद पडेल असा स्विच जळगावात कोणी बसवून देतं का, खर्च किती येतो?