इसबगोल आणि ब्राह्मी एकाच कुळात कशी?

रानमोगरी
हर्बेरियम शीटच्या (दाबून सुकवलेल्या वनस्पतीच्या नमुना-कागदाच्या) लेबलवर कूळ लिहिताना अडलं आहे. जुन्या पुस्तकांत इसबगोल प्लँटॅजिनेसी कुळात, तर ब्राह्मी (बाकोपा) स्क्रोफुलॅरिएसीत. आता दोन्ही प्लँटॅजिनेसीत. इसबगोलाचं फूल चार पाकळ्यांचं, कागदी. ब्राह्मीचं पाच पाकळ्यांचं, फिकट जांभळं. मग एकत्र आणली कशावरून? आणि लेबलवर काय लिहायचं?

कुसळ
डीएनएवरून. हरितलवकातल्या जनुकांची तुलना केल्यावर कळलं की स्क्रोफुलॅरिएसी ही 'दोन ओठांचं फूल, बोंडासारखं फळ' एवढ्यावर बांधलेली मोट होती. ती सुटली. ज्वारीवरचा टारफुला ओरोबँकेसीत गेला, टोरेनिया लिंडर्निएसीत. ब्राह्मी, आंबुली, कुटकी, डिजिटॅलिस, स्नॅपड्रॅगन यांची वंशवृक्षावरची फांदी मात्र प्लँटॅगोच्याच (म्हणजे इसबगोलाच्या प्रजातीच्या) फांदीला जोडलेली निघाली. प्लँटॅजिनेसी हे नाव फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ज्युस्यूचं, १७८९ सालचं.
प्लँटॅगोचं फूल वेगळं दिसतं ते परागण वाऱ्यावर होतं म्हणून. कीटकांना बोलवायचंच नाही, तेव्हा रंगाची गरज उरली नाही. पाकळ्यांचे चार पापुद्रे राहिले. कणीस भिंगाखाली धरा. फुलं खालून वर उमलतात आणि प्रत्येक फुलात कुक्षी आधी बाहेर येते, पुंकेसर नंतर. म्हणून वरच्या फुलांत नुसत्या केसाळ कुक्षी दिसतात आणि खालच्या फुलांतून लांब तंतूंवर परागकोश लोंबत असतात.
एक मान्य करायलाच हवं: या कुळाला बांधणारं एकही लक्षण नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून आधी प्रजाती (जीनस) ओळखा, कूळ मागाहून.

पाणकणीस
लेबलवर 'प्लँटॅजिनेसी (एपीजी ४, २०१६)' लिहा, एपीजी म्हणजे डीएनएवर आधारलेलं सपुष्प वनस्पतींचं वर्गीकरण, आणि ब्राह्मीच्या लेबलवर खाली 'पूर्वी स्क्रोफुलॅरिएसी'. संग्रहातली कपाटं जुन्या क्रमाने लावलेली असतील तर शीट सापडायला हेच कामी येतं.
ब्राह्मीची मात्र खात्री करून घ्या. आपल्याकडे नर्सरीत त्याच नावाने बऱ्याचदा मंडूकपर्णी देतात. ती कोथिंबिरीच्या कुळातली. तिचं पान गोलसर, लांब देठाचं, कडेला दाते. बाकोपाची पानं छोटी, मांसल, चमच्यासारखी, समोरासमोर.

कुसळ
प्लँटॅगोमधली जाती ठरवायला बोंड उघडा. ते आडवं फुटतं, डबीचं झाकण निघावं तसं. इसबगोलात दोन बिया, होडीसारख्या. प्लँटॅगो लॅन्सिओलाटातही दोनच, पण त्याचं पान भाल्यासारखं आणि फुलांच्या दांड्यावर खोल खाचा. प्लँटॅगो मेजरचं पान रुंद आणि बोंडात बारीक बिया बऱ्याच. पान आडवं तोडून हळू ओढलंत तर शिरांचे दोरे लोंबतात.
या झाकणापायीच गुजरात-राजस्थानात इसबगोलाची कापणी दव सुकल्यावर, सकाळी दहानंतर करतात. ओल लागली की झाकणं सुटून बी शेतातच झडतं. शिवाय भुशीतला चिकट पदार्थ पाणी ओढून फुगतो आणि मालाची प्रत जाते. बोंडं दाबायची असतील तर तीही कोरडीच दाबा, नाहीतर बिया कागदाला चिकटतील.