पॉकेट पेजला मराठीत काय म्हणायचं? खिसा, कप्पा की खण?

दुपारचाचहा
मंडळी, एक अडलंय. पुढच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या महिला मंडळात मी पॉकेट स्क्रॅपबुकिंग (म्हणजे फोटो-आठवणींची वही करणं) दाखवणारे. ते १२ बाय १२ इंची पारदर्शक प्लास्टिकचं पान असतं ना, त्यात फोटो सरकवायचा, शेजारी छोट्या कार्डावर दोन ओळी खरडायच्या, झालं, गोंद नाही काही नाही, आठवड्याला एक पान. त्याचं एकपानी माहितीपत्रक मराठीत करायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीत लिहिलं "एका पानाला आठ खिसे असतात" (चार ४ बाय ६ चे, चार ३ बाय ४ चे). नणंदेने वाचलं, म्हणाली वहिनी खिसा शर्टाला असतो, पानाला कसला खिसा, कप्पा लिही. तर सासूबाई आतून, कप्पा नव्हे गं, खण! आता मी दोघींच्या मध्ये. तुमच्याकडे काय म्हणतात?

तिरपीरेघ
कप्पा. प्रश्नच नाही. बॅगेला कप्पा असतो, पाकिटाला कप्पा असतो, हृदयाला चार कप्पे असतात हे तर शाळेतच पाठ केलंय. मी लहानपणी "तिकीट खिशात आहे" म्हटलं की आई पँट चाचपायची आणि तिकीट बॅगेत असायचं, मग धपाटा.

नारळीपोफळी
सासूबाई बरोबर आहेत. आमच्या रत्नागिरीकडे टेबलाला खण असतो, कपाटाला खण असतात, घरसुद्धा पाच खणी. फक्त महिला मंडळाच्या कागदावर "आठ खणांचं पान" छापू नका, बायका ओटी भरायचं सामान घेऊन येतील.

दुपारचाचहा
😂 हो ना, ते डोक्यातच आलं नव्हतं.

जुनंदफ्तर
खिसा मुळात फारसी, 'कीसा' म्हणजे थैली. आपल्याला स्वतःचा शब्द असताना तो का वापरावा? शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला तो याच विचाराने. माझी सूचना: कोष्ठपत्र. सुटसुटीत आहे, अर्थही नेमका.

तिरपीरेघ
कोष्ठपत्र वाचून बद्धकोष्ठच आठवलं हो, माफ करा.

साडेसातचीलोकल
खिसा फारसी नाहीये. आमचे पणजोबा कमरेला पैशांचा कसा बांधायचे, त्या कशाचाच खिसा झाला असणार, सरळ आहे.

जुनंदफ्तर
सरळ दिसतं म्हणून खरं नसतं. कसा हा कसण्यावरून, कमरेला कसून बांधतात तो. खिसा वेगळा. आणि कोष्ठपत्राला हसणाऱ्यांसाठी: सावरकरांनी दिनांक, महापौर दिले तेव्हा लोक असेच हसले होते.

तिरपीरेघ
दिनांक फॉर्मवर राहिला दादा, कोर्टात अजून तारीखच पडते. आणि तुमच्या नावातलं दफ्तर? तेही फारसी, त्यामागे ग्रीक 'दिफ्थेरा' म्हणजे कातडं. आधी घरचं आवरा 🙂

मांडवीकाठ
गोंयात आमी खिशाक बोल्स म्हणटात, पोर्तुगीज बोल्सो. घरात आजी कोंकणीत बोल्स आणि शाळेत बाई मराठीत खिसा, दोन्ही बाहेरूनच आलेले पण वस्तू तीच, लिमलेटच्या गोळ्यांनी चिकट झालेली. मला खिसा आवडतो, कारण या पानाला वरून तोंड उघडं असतं. कप्प्याला तसं असेलच असं नाही.

शब्दांकित७२
एवढं कशाला? स्क्रॅपबुकला चिकटवही हा छान रुळलेला शब्द आहे. चिकटवहीचं पान म्हणा, विषय संपला.

दुपारचाचहा
अहो पण यात चिकटवायचंच नाहीये! तीच तर गंमत आहे. चिकटवही म्हटलं की सगळ्या फेविकॉल घेऊन येतील.

मांडवीकाठ
खरी चिकटवही मार्क ट्वेनची. त्याने १८७३ मध्ये पेटंट घेतलेलं, पानांना आधीच गोंद लावलेला, ओलं करायचं की कात्रण बसलं.

घरचीफाईल
शब्द चालू द्या तुमचे, मी जरा सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहिते, चारेक वर्षं करतेय. त्या 'प्रोजेक्ट लाईफ' (बेकी हिगिन्स यांचं, ही पद्धत तिथूनच खूप पसरली) वगैरेचे किट बघून हबकू नका. स्टेशनरीवाल्याकडे डिस्प्ले फाईल मागा, ए४ चालते, खिसे हवेत तर मध्ये शिवणीसारखी टीप मारून घ्या. स्टुडिओत फोटो मॅक्सी सांगायचा म्हणजे ४ बाय ६ येतो, आणि तोच मधोमध कापला की बरोबर ३ बाय ४ चे दोन तुकडे, म्हणून एका प्रिंटवर दोन फोटो शेजारीशेजारी लावून काढा, पैसे वाचतात. मागची वर्षं भरून काढायच्या नादी लागू नका, तिथेच सगळे सोडतात. या आठवड्यापासून. माझ्या पहिल्या पानावर डब्यातली भेंडी, लेकीची पडलेली दाढ (फोटो हो, दाढ नाही), लाईटबिल आणि आमच्या अहोंनी लिहिलेली वाण्याची यादी, ज्यात साबुदाणा दोनदा आहे. वासाच्या पीव्हीसीचं प्लास्टिक घेऊ नका, फोटो खराब होतात, पॉलिप्रॉपिलीन विचारा. आमच्या लग्नाचा अल्बम तसल्या चिकट पानांचा होता, आता फोटो ना सुटतात ना दिसतात, नवऱ्याचं म्हणणं त्यात वाईट काय.

साडेसातचीलोकल
एसटीचं तिकीट ठेवायचं असेल तर झेरॉक्स काढून ठेवा. मशीनचं तिकीट थर्मल कागदाचं, काही महिन्यांत कोरं होतं. जुनी रंगीत चिमटा मारलेली तिकिटं आमच्याकडे अजून जशीच्या तशी आहेत, वडील कंडक्टर होते. आणि हो, त्यांच्या त्या तिकिटांच्या ट्रेमध्ये प्रत्येक किमतीच्या गड्डीला वेगळी जागा असायची, तिला ते 'घर' म्हणायचे. "पाच रुपयांचं घर रिकामं झालं."

नारळीपोफळी
अरे वा! चष्म्याचं घर म्हणतोच की आपण. बुद्धिबळाच्या पटावरही घरंच.

दुपारचाचहा
"आठ घरांचं पान." हे मला फार आवडलं. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या बरं आहे, म्हणजे खण नाही ते नाहीच.

जुनंदफ्तर
घर शब्द सुंदर, पण संदिग्ध. पत्रिकेतही घरं असतात.

शब्दांकित७२
पत्रिकेत बारा असतात आणि पान १२ बाय १२. योगायोग? शनी कुठल्या घरात सरकवायचा ते पण लिहा माहितीपत्रकात.

तिरपीरेघ
मी कप्प्यावर ठाम आहे हे नोंदवून ठेवा. घर म्हटलं तर "मधलं घर फाटलं" असं लिहावं लागेल, वाचवत नाही.

साडेसातचीलोकल
घर फाटत नाही, फुटतं.

घरचीफाईल
पावसाळ्यात फाईल आडवी रचू नका, उभी ठेवा, वजनाने फोटो प्लास्टिकला चिकटतात. कोकणातल्यांनी सिलिका जेलच्या पुड्या टाका. शब्द कुठलाही असो.

दुपारचाचहा
झेरॉक्सला गेलं एकदाचं. "आठ घरं (म्हणजे पॉकेट)" असं लिहिलंय, नणंद बोलत नाहीये. आता दुसरं अडलं, त्या छोट्या लिहायच्या कार्डाला, जर्नलिंग कार्डाला काय म्हणू? चिठ्ठी?

नारळीपोफळी
चिठ्ठी नको, महिला मंडळ आहे, भिशी कोणाला लागली विचारतील. टिपण?

जुनंदफ्तर
स्मृतिपत्रिका.

तिरपीरेघ
परत पत्रिका! आत्ताच तर शनी निघाला होता.