पाझरलेल्या भिंतीमुळे मोडी रुमाल आणि जुनी रजिस्टरं भिजली, डागडुजी कुठून सुरू करावी?

दप्तर_शाहूनगर:
मंडळी, साताऱ्यातल्या एका जुन्या दप्तरखान्यात आषाढात भिंत पाझरली आणि खालच्या फळीवरचे अकरा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, भिजले. टीपकागदावर पसरून पंख्याखाली वाळवले, आता कागद कोरडे आहेत आणि बुरशी वाढत नाही. आत दोन तऱ्हेचे कागद निघाले. हातकागदावरच्या मोडी पत्रांची शाई काळी कुळकुळीत आहे, पण ओला कापूस नुसता टेकवला तरी काळं लागतं. इंग्रजी अमदानीतल्या रजिस्टरांची शाई तपकिरी झाली आहे. ती कापसाला फारशी लागत नाही, पण कागद अक्षराच्या रेघेवरच तुटतो. दोन्हींना मैद्याची खळ आणि टिश्यू (डागडुजीचा पातळ कागद) चालेल का? काही पत्रं पूर्वी कुणीतरी पारदर्शक पापुद्र्यात बसवली होती, ती पिवळी पडून ताठ झाली आहेत. शिवाय एका पत्रावर ‘सन खमसैन मया व अलफ’ आहे, यादीत इसवी सन कोणता लिहू?

हिराकस:
दोन्हींना एकच उपाय लावू नका. मोडी पत्रांची शाई काजळ आणि डिंकाची. काजळ कधी फिकं पडत नाही, कागदालाही खात नाही, पण ते डिंकाच्या जोरावर वर बसलेलं असतं. डिंक पाण्यात सुटला की अक्षर पसरतं. रजिस्टरांची शाई बहुधा हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि टॅनिन (झाडातला तुरट अंश) यांची. ती कागदात मुरते, आम्ल सोडते आणि तिच्यातलं लोखंड कागदाचा तंतू जाळत राहतं.

खात्रीसाठी बाथोफेनॅन्थ्रोलिन या लोखंड ओळखणाऱ्या रसायनाची चाचणी-पट्टी मिळते. पट्टी डिस्टिल्ड पाण्यात भिजवायची, टीपकागदावर जवळजवळ कोरडी करायची आणि अक्षराच्या एका टोकावर अर्धा मिनिट दाबायची. गुलाबी डाग उमटला तर सुटं लोखंड आहे. अशा कागदाला पातळ खळ लावलीत तर पाण्याबरोबर ते लोखंड अक्षराबाहेर सरकतं आणि काही वर्षांनी भोवतीचा कोरा कागदही तपकिरी होतो. म्हणून तिथे जिलेटिनचा टिश्यू वापरायचा: ३ ते ४ टक्के जिलेटिनचं द्रावण पॉलिएस्टरच्या फिल्मवर ठेवलेल्या टिश्यूला लावून वाळवून ठेवायचं. लागेल तेवढी पट्टी कापून दमट टीपकागदावर क्षणभर टेकवायची आणि चिकटवायची. कागदात पाणी जवळपास जातच नाही.

पापुद्रा बहुधा सेल्युलोज ॲसिटेटचा आहे. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तो कुजायला लागला आहे. ॲसिटोनमध्ये तो विरघळतो खरा, पण शिक्क्याची जांभळी शाईही त्यात पळते आणि वाफ पेट घेते. ते काम हवा खेचणारं यंत्र असलेल्या प्रयोगशाळेतच व्हावं. तोवर ती पत्रं बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

बोरूटाक:
मोडी पत्रांना खळ चालते, पण ती जवळपास कोरडी हवी आणि फक्त फाटलेल्या कडेला. सबंध कागद ओला करायचा नाही.

मैदा तसाच शिजवू नका, त्यातल्या ग्लुटेनवर कसर ताव मारते. मैद्याचा गोळा मळून फडक्यात बांधा, पाण्यात चोळून धुवा, पाणी रात्रभर ठेवा आणि वरचं ओतून द्या. खाली बसतो तो स्टार्च. एक भाग स्टार्चला चार-पाच भाग पाणी, मंद आचेवर अर्धा-पाऊण तास सतत हलवत शिजवा. थंड झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा दाबून काढा. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते, आंबूस वास आला की फेकायची. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, ते इथे अजिबात नको. तांब्यामुळे कागद लवकर जळतो.

टिश्यू जपानी, ९ ते १२ जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम). कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशने रेघ ओढून हाताने फाडा, म्हणजे कडेला तंतू सुटतात आणि जोड जाड होत नाही. वर न विणलेलं पॉलिएस्टर कापड, मग टीपकागद, मग काच आणि वजन. पहिला टीपकागद दहा मिनिटांत बदला. तो विसरला तर ओल बाजूच्या अक्षरात जाते आणि कडेला तपकिरी रेघ उमटते, ती पुढे निघत नाही.

आणि घडीत चकाकणारे बारीक कण दिसले तर ती माती समजू नका. शाई टिपायला टाकलेली वाळू आहे ती. पुसायला जाल तर खालचं अक्षर घासलं जाईल.

सुरूसूद:
कळकळीने सांगतो, कागद जीर्ण दिसला म्हणून मागून सबंध अस्तर लावू नका. मोडी पत्र बऱ्याचदा बंदाला बंद (कागदाचे सुटे तुकडे) जोडून लांब केलेलं असतं आणि त्या सांध्यांवर मागच्या बाजूने शिक्का असतो, मध्ये कुणी बंद बदलू नये म्हणून. दप्तरात नोंद झाल्याचे ‘सुरू सूद’, ‘बार’ हे शेरेही पाठीवरच सापडतात. अस्तराखाली शिक्का गेला की पत्र अस्सल की नक्कल, हे ठरवायचा एक पुरावा झाकला जातो. सांधा सुटला असेल तर दोन्ही अर्ध्या शिक्क्यांचे फोटो आधी घ्या, आणि जोडताना शिक्क्याची रेघ जुळते का पाहा. जुळली नाही तर जोडूच नका, तो बंद दुसऱ्या पत्राचा असू शकतो.

सनाबद्दल: खमसैन म्हणजे ५०, मया १००, अलफ १०००, म्हणून शुहूर सन (मराठी दप्तरातलं, अरबी शब्दांत लिहिलेलं साल) ११५०. हे साल मृग नक्षत्रापासून (जूनच्या सुमारास) पुढच्या मृगापर्यंत चालतं. मृग ते डिसेंबर ५९९ मिळवायचे, जानेवारी ते पुढचा मृग ६००. म्हणजे १७४९-५०. महिना कळल्याशिवाय नुसतं १७४९ लिहू नका. १५ डिसेंबर १७४९ ला साताऱ्यात शाहू महाराज वारले, त्यामुळे पत्र त्यांच्या हयातीतलं की त्यांच्यामागून गादीवर आलेल्या रामराजांच्या वेळचं, हे महिन्यावरच ठरतं. ‘छ’पुढे चंद्रतारीख आणि ‘माहे’नंतर महिना असेल. मोहरम असेल तर पहिला चंद्र ११ डिसेंबरच्या सुमारास येतो, म्हणजे मोहरमच्या पहिल्या आठवड्यातलं पत्र विशेष जपून वाचा. शिवाय खमसैन आहे की खमस, हे भिंगाखाली बघा. खमस म्हणजे ५. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, अनुस्वार अनेकदा गाळलेला असतो. सबा-सबैन, तिसा-तिसैन यांतही अशीच गल्लत होते, आणि ती गल्लत यादीत गेली की पुढचा अभ्यासक मूळ कागद उघडत नाही.

दप्तर_शाहूनगर:
महिना मोहरमच आहे. ‘छ’पुढचा आकडा घडीत गेला आहे, आता घाई न करता उघडतो. जुने रुमाल तांबड्या खारव्याचे (जाड सुती कापडाचे) आहेत, तेच धुऊन वापरू का?

बोरूटाक:
नको. खारव्याचा रंग ओलीत उतरतो, तुमच्या काही पत्रांच्या कडा गुलाबी झाल्या असतील तर त्याचमुळे. दोन-तीनदा उकळून धुतलेलं, खळ काढलेलं मांजरपाट घ्या. जुन्या रुमालावर किंवा आतल्या चिठ्ठीवर काही लिहिलेलं असेल तर रुमाल फेकू नका, वेगळा बांधून तोच क्रमांक द्या. पत्रं ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने परत ठेवा, तारखेवार लावू नका. तारखेवार क्रम यादीत लावता येतो, मूळ गठ्ठा एकदा विस्कटला की कुठलं पत्र कुठल्या प्रकरणाचं ते परत कळत नाही. खालची फळी जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून तेवढीच दूर घ्या. वेखंड ठेवायचं तर पुरचुंडीत, पूड कागदाला लागू देऊ नका.