मदत हवी आहे: १०० किलोमीटरच्या निधिसंकलन पदभ्रमणासाठी सराव आणि देणगीचे आवाहन यांचा मेळ कसा घालावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघे सहकारी सुमारे सहा महिन्यांनी होणाऱ्या १०० किलोमीटरच्या एका सांघिक पदभ्रमणात भाग घेणार आहोत. चौघांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकत्र चालून ४८ तासांच्या आत हा पल्ला पूर्ण करायचा आणि त्यानिमित्ताने एखाद्या संस्थेसाठी निधी उभा करायचा, असे त्याचे स्वरूप आहे. हा प्रकार नवा नाही. हाँगकाँगमधील मॅक्लिहोज ट्रेलवर १९८१ मध्ये गुरखा सैनिकांच्या सरावातून ‘ट्रेलवॉकर’ सुरू झाला, १९८६ पासून तो सर्वसामान्य नागरिकांसाठी खुला झाला, आणि चौघांचा संघ व शंभर किलोमीटर हे सूत्र पुढे इतर देशांतही गेले.

आम्ही ज्या संस्थेसाठी चालणार आहोत, ती बऱ्या न होणाऱ्या आजाराच्या रुग्णांना घरी जाऊन उपशामक सेवा, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा, देते. माझ्या वडिलांच्या अखेरच्या काळात या संस्थेच्या परिचारिकेला रात्री-अपरात्री फोन केला, तरी वेदनाशामक औषधाची पुढची मात्रा केव्हा आणि किती द्यायची, हे त्या न कंटाळता समजावून सांगत आणि सकाळी स्वतः येऊन पाहून जात. या सेवेसाठी त्या घरच्यांकडून काहीही घेत नाहीत, त्यामुळे संस्थेचा सारा डोलारा देणग्यांवरच उभा आहे. म्हणून ही गोष्ट केवळ हौस म्हणून नव्हे, तर नीट तयारी करून पार पाडावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

आमच्यापैकी एक जण नियमित धावतो, दोघी रोज तासभर चालतात आणि मी दिवसभर बैठे काम करते. माझा उजवा गुडघा पायऱ्या उतरताना दुखतो. सरावाचे तक्ते आम्हाला बरेच मिळाले, निधी कसा उभारावा याविषयीचे सल्लेही मिळाले. पण दोन्ही गोष्टी एकाच माणसाला, नोकरी आणि घर सांभाळून, एकाच काळात करायच्या असतात, याचा विचार कुठेच केलेला दिसला नाही. शेवटच्या दोन महिन्यांत चालण्याचा पल्ला सर्वांत मोठा असतो आणि नेमक्या त्याच काळात लोकांना फोन करणे, निरोप पाठवणे, आभार मानणे यांनाही जोर येतो. या दोहोंची विभागणी आपण कशी केली असती?

दुसरी अडचण अधिक अवघड वाटते. पुरेसा सराव होण्यापूर्वीच लोकांकडे पैसे मागणे योग्य आहे का? आवाहन करून झाल्यावर कोणाला दुखापत झाली किंवा आम्ही मध्येच थांबलो, तर देणगीदारांना काय सांगायचे, आणि त्यांचे पैसे परत करणे आपले कर्तव्य ठरते का? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन केल्यास आम्ही चौघेही ऋणी राहू.

प्रतिसाद १

आपल्या प्रश्नाचा पहिला भाग माझ्या अनुभवाचा आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. माझे स्पष्ट मत असे आहे की देणगीचे आवाहन सराव शिगेला पोहोचण्याच्या आधीच मोठ्या प्रमाणात उरकावे. आपल्याकडे सुमारे सव्वीस आठवडे आहेत असे धरू. त्यांपैकी पहिले चार आठवडे फक्त शरीराला नियमाची सवय लावण्यासाठी ठेवावेत, पाचव्या ते चौदाव्या आठवड्यात निधीचे मुख्य काम करावे, आणि पंधराव्यापासून बाविसाव्या आठवड्यापर्यंत चालणे व झोप यांनाच अग्रक्रम द्यावा. या आठ आठवड्यांत निरोप पाठवणे, देणग्यांची नोंद ठेवणे आणि आभार मानणे हे काम न चालणाऱ्या एखाद्या मित्राकडे किंवा नातेवाइकाकडे सोपवावे. प्रत्येक संघाला प्रत्यक्ष दिवशी वाटेत भेटणारे सहायक लागतातच. त्यांनाच सहा महिने आधी सामील करून घेतले, तर त्यांनाही ते काम आपले वाटू लागते.

सरावात आठवड्यातून तीनदा मध्यम चाल, एकदा ताकदीचे व्यायाम आणि सुट्टीच्या दिवशी लांब पल्ला, एवढे पुरेसे होते. लांब पल्ला सलग तीन आठवडे थोडा थोडा वाढवावा आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करावा, कारण स्नायू आणि हाडे बळकट होतात ती विश्रांतीच्या काळात. मध्यावर आल्यानंतर लागोपाठच्या दोन दिवशी चालावे, उदाहरणार्थ एका दिवशी तीस आणि दुसऱ्या दिवशी वीस किलोमीटर. थकलेल्या पायांनी पुन्हा उभे राहण्याची सवय त्यातून लागते आणि एकाच दिवशी अति मोठा पल्ला गाठण्याचा धोकाही टळतो. सरावात पूर्ण शंभर किलोमीटर चालण्याची गरज नसते. कार्यक्रमाच्या साधारण चार आठवडे आधी एकदा पन्नास-साठ किलोमीटर झाले म्हणजे पुरे. त्यानंतर पल्ला उतरता ठेवावा. निदान दोनदा तरी रात्रभर चालून पाहावे, आणि तेही चौघांनी मिळून. पहाटे तीनच्या सुमारास कोण गप्प होतो, कोणाला मळमळते आणि कोण सूचना ऐकून घेत नाही, हे आधीच कळलेले बरे.

गुडघ्याविषयी सांगायचे, तर सराव सुरू करण्यापूर्वीच फिजिओथेरपिस्टना दाखवून घ्या. चढापेक्षा उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूंवर वेगळ्या प्रकारचा ताण येतो, कारण तिथे स्नायू लांबत असतानाच भार पेलत असतो, आणि म्हणूनच उतारानंतर एक-दोन दिवसांनी मांड्या सर्वाधिक दुखतात. सुदैवाने तोच ताण थोड्या प्रमाणात पुन्हा पुन्हा दिला की स्नायू त्याला लवकर सरावतात. त्यामुळे एका पायावर तोल सांभाळून सावकाश पायरी उतरण्याचा व्यायाम आणि सुरुवातीपासून थोडा थोडा उतार, यांचा आपल्याला उपयोग व्हावा. मात्र नडगीच्या हाडावर बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, रात्री पडल्यावरही ठणका लागत असेल किंवा वेदनेमुळे चालण्याची ढब बदलत असेल, तर चालणे थांबवून डॉक्टरांकडे जावे. वेदनाशामक गोळी घेऊन पुढे रेटू नये. लांब पल्ल्यात शरीरातले पाणी कमी झालेले असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांचा मूत्रपिंडांवर वाईट परिणाम होऊ शकतो.

माझ्या पाहण्यातले बहुतेक संघ रखडतात ते दमामुळे नव्हे, तर पायांवरच्या फोडांमुळे. ओल, उष्णता आणि कातडीच्या थरांमधली ओढाताण या तिन्हींमुळे फोड येतो. टाचेला किंवा अंगठ्याच्या कडेला नुसती ऊब जाणवू लागताच थांबावे, बूट काढावा, पाय कोरडा करावा, त्या जागी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावावी आणि मोजे बदलावेत. या पाच मिनिटांसाठी संघाला थांबवण्याचा संकोच वाटतो आणि तो संकोचच पुढे दोन तास खातो. कोणीही ‘पाय’ असे म्हणताच बाकीच्यांनी न विचारता थांबायचे, असा नियम आमच्या संघाने केला होता आणि तो आम्हाला फार उपयोगी पडला.

पाण्याबाबत एक सावधगिरी सांगतो. पाणी कमी पडण्याची भीती सर्वांनाच असते, परंतु जास्त पाणी पिणेही घातक ठरते, कारण त्याने रक्तातील सोडियम हा आवश्यक क्षार विरळ होतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळले होते आणि धावताना वजन वाढणे, म्हणजेच गरजेपेक्षा अधिक द्रव पिणे, हे त्यामागचे प्रमुख कारण दिसले. तहानेप्रमाणे प्यावे. डोके दुखणे, मळमळ, बोटे सुजणे आणि बोलण्यात गोंधळ ही लक्षणे दिसली, तर आणखी पाणी न पाजता वैद्यकीय पथकाला बोलवावे. खाण्याच्या बाबतीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके हे सर्वसाधारण प्रमाण मानले जाते. त्या दिवशी जे खाणार असाल, तेच सरावातही खा, कारण पोटालाही सवय लागावी लागते.

प्रतिसाद २

मी अनेक वर्षे एका सेवाभावी संस्थेच्या निधिविभागात काम करते, म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या बाजूने देते.

सराव पूर्ण होण्यापूर्वी पैसे मागण्यात काहीही गैर नाही. लोक देणगी देतात ती संस्थेच्या कामासाठी; आपले चालणे हे त्यांना त्या कामापर्यंत आणणारे निमित्त आहे. कष्ट पडणार आहेत हे दिसले की लोक अधिक उदार होतात, हेही खरे. क्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्डार शफीर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, कष्ट आणि वेदना सोसून पार पाडायच्या उपक्रमासाठी लोक सोप्या उपक्रमापेक्षा जास्त द्यायला तयार असल्याचे आढळले. म्हणून सरावाच्या बातम्या देणगीदारांना जरूर कळवा. पण आवाहनाचा पहिला परिच्छेद आपल्या पायांविषयी नसावा, तर त्या परिचारिकेविषयी असावा. आपण वर रात्रीच्या फोनबद्दल जे लिहिले आहे, ते जवळजवळ जसेच्या तसे वापरता येईल. संस्थेला विचारून एका गृहभेटीला किती खर्च येतो, हेही त्यात लिहावे, म्हणजे देणाऱ्याला आपली रक्कम कुठे जाणार ते समजते.

पल्ला अपुरा राहिला तर काय, याचे उत्तर आवाहनातच देऊन टाकावे. ‘आम्ही प्रामाणिकपणे तयारी करत आहोत, काही कारणाने पल्ला पूर्ण झाला नाही, तरी आपली देणगी संस्थेच्या कामासाठीच वापरली जाईल,’ एवढे एक वाक्य पुरते. ते आधीच लिहिलेले असले, की परत करण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. कर्करोगामुळे एक पाय गमावलेला कॅनडाचा तरुण टेरी फॉक्स १२ एप्रिल १९८० रोजी कर्करोग संशोधनासाठी कृत्रिम पायाने कॅनडा पार करायला निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर कर्करोग फुप्फुसांत पसरल्याने त्याला थंडर बेजवळ थांबावे लागले. त्याची धाव अपुरी राहिली, तरी फेब्रुवारी १९८१ पर्यंत जमलेला निधी २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर, म्हणजे देशातल्या माणशी एका डॉलरइतका झाला होता. अंतर अपुरे राहिले म्हणून लोकांचे देणे थांबले नाही.

व्यवहाराच्या काही गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. पैसे चौघांपैकी कोणाच्याही वैयक्तिक खात्यात घेऊ नका. ते थेट संस्थेकडे किंवा संस्थेने मान्य केलेल्या संकेतस्थळावर जावेत आणि पावती संस्थेने द्यावी. संकेतस्थळ किती टक्के शुल्क कापते, ते आधी पाहा. आपला प्रवेश संस्थेच्या राखीव जागेतून, म्हणजे आयोजकांनी संस्थेसाठी राखून ठेवलेल्या जागेतून, असेल, तर किमान किती निधी जमवण्याची अट आहे आणि तो न जमल्यास फरक कोणी भरायचा, हे संस्थेकडून लेखी घ्या. प्रवेशशुल्क, बूट, प्रवास हा खर्च स्वतःच्या खिशातून करत असाल, तर तसे आवाहनात स्पष्ट म्हणा. त्याने विश्वास बसतो. आणि पहिली देणगी चौघांनी स्वतः द्यावी. पान रिकामे असताना अनोळखी माणूस बिचकतो, शिवाय आधीच्या रकमा पाहूनच पुढचे लोक आपली रक्कम ठरवतात, म्हणून जवळच्या आणि भरघोस देऊ शकणाऱ्या मंडळींना सर्वांत आधी विचारावे. शंभर जणांच्या गटावर टाकलेल्या एका निरोपापेक्षा वीस जणांना नाव घेऊन लिहिलेली वीस पत्रे अधिक फळतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आवाहनातले ते वाक्य आम्ही आजच लिहून संस्थेकडे मंजुरीसाठी पाठवले आहे, आणि माझ्या बहिणीने देणग्यांची नोंद ठेवण्याचे काम स्वीकारले आहे. फिजिओथेरपिस्टची वेळही घेतली आहे. आता एकच शंका उरली आहे. सत्तराव्या किलोमीटरला चौघांपैकी एकाला थांबावे लागले, तर उरलेल्या तिघांनी पुढे जावे की नाही, यावर आमच्यात एकमत होत नाही. धावणाऱ्या सहकाऱ्याला पुढे जाणे योग्य वाटते, तर आम्हा तिघींना ते थांबणाऱ्यावर अन्याय करणारे वाटते.

प्रतिसाद १

आधी आयोजकांचा नियम पाहा. बऱ्याच ठिकाणी उरलेल्यांना पुढे जाऊ देतात, पण थांबणाऱ्याला ठरलेल्या चेकपॉइंटवर पोहोचवून तिथे नोंद करूनच. वाटेत एकट्याला सोडून जाता येत नाही. त्यानंतरचा निर्णय त्या रात्री घेऊ नका. सगळे दमलेले असताना थांबणारा संकोचापोटी ‘मी येतो’ म्हणतो आणि बाकीचे भिडेपोटी गप्प राहतात. आताच चौघांनी बसून, प्रत्येकाने ‘मी थांबलो तर माझी इच्छा काय असेल’ हे कागदावर लिहावे आणि ते कागद सहायकांकडे द्यावेत. आमच्या संघात चौघांनीही ‘तुम्ही पुढे जा’ असेच लिहिले होते, त्यामुळे वाद उरलाच नाही. वैद्यकीय पथकाने थांबा म्हटले तर मात्र कोणीही हुज्जत घालायची नाही, हे त्याच कागदावर सर्वांच्या सहीने लिहून ठेवा.