अनुभव धागा: मोटारसायकलचा प्लग आणि वायर पहिल्यांदाच बदलताना

प्लग बदलणं म्हणजे पाच मिनिटांचं काम, असं सगळेच सांगतात. तरी हेडचे (इंजिनच्या ज्या वरच्या भागात प्लग बसतो त्याचे) आटे गेलेल्या गाड्या दिसतातच. ज्यांचा हात या कामात बसला आहे त्यांनी इथे लिहावं. "मॅन्युअल बघा" एवढ्यावर सोडू नका. माप, किती आवळायचं, काय बिघडतं आणि कशामुळे, ते येऊ द्या. सुरुवात करून देतो.

इंजिन पूर्ण थंड हवं, कोमटही चालणार नाही. हेड ॲल्युमिनियमचं आणि प्लगचं अंग पोलादाचं. गरम असताना जोर लावला तर मऊ आटेच खरवडून बाहेर येतात. कॅप (प्लगवर बसणारं वायरचं टोपण) काढताना वायर ओढू नका. कॅप मुठीत धरून डावी-उजवी फिरवत वर घ्या. कॅप निघाली की लगेच पाना लावायचा नाही, आधी प्लगभोवतीच्या खड्ड्यात हवा मारायची. मग प्लग एक फेरा सैल करून पुन्हा हवा मारायची, कारण वॉशरखाली अडकलेली वाळू तेव्हाच सुटते. ती सिलिंडरमध्ये गेली तर पिस्टन आणि बोअरवर ओरखडे पडतात. डोळ्यांवर चष्मा असू द्या.

चौदा_एमएम

नवा प्लग घेताना "तसाच दिसतो" यावर जाऊ नका. चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: आट्यांचा व्यास (मोटारसायकलला बहुधा १०, १२ किंवा १४ मिमी), आट्यांची लांबी (१२.७ आणि १९ मिमी या नेहमीच्या), हीट रेंज (प्लग आपली उष्णता किती लवकर सोडतो, लवकर सोडणारा तो थंड) आणि आत रेझिस्टर (विद्युत गोंगाट दाबणारा रोध) आहे की नाही. लांबी जास्त झाली तर प्लग पिस्टनवर किंवा व्हॉल्व्हवर आपटू शकतो. कमी झाली तर हेडमधल्या उघड्या आट्यांत कार्बन भरतो आणि पुढे योग्य लांबीचा प्लगही नीट बसत नाही.

उदाहरणादाखल एनजीके कंपनीचा सीपीआर८ईए-९ हा प्लग पाहा. सी म्हणजे १० मिमी, आर म्हणजे रेझिस्टर, ८ ही हीट रेंज, ई म्हणजे १९ मिमी लांबी आणि शेवटचे ९ म्हणजे ०.९ मिमी गॅप (ठिणगी पडते त्या दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर). एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, बॉशमध्ये नेमकं उलटं. कंपनी बदलताना आकड्याला आकडा लावणारे इथेच फसतात. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत रेझिस्टर नसलेला प्लग घालू नये, त्याच्या विद्युत गोंगाटाने ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि डिजिटल मीटर गोंधळू शकतात.

फीलर_गेज

गॅप पाहिल्याशिवाय प्लग बसवू नका. डब्यातून नीट येतो हे खरं, पण खाली पडलेला प्लग हमखास चुकीचा असतो (पडून चिनीमातीला तडा गेला असेल तर तो सरळ टाकून द्या). साध्या निकेल प्लगला फक्त बाहेरचा, वाकडा इलेक्ट्रोड हलवायचा. गॅप वाढवण्यासाठी मधल्या इलेक्ट्रोडवर टेका देऊन तरफ मारली की आतली चिनीमाती तडकते. कमी करायची तर प्लग लाकडावर हलकासा टेकवायचा. फीलर गेजची (जाडी मोजायच्या पात्यांची) पाती थोडी घासत सरकली म्हणजे गॅप बरोबर. इरिडियमचं टोक सुईसारखं असतं, त्यात पाती घुसवू नका. तारेच्या गेजने पाहा आणि गॅप फारच चुकीचा असेल तर प्लग बदलून घ्या. त्या टोकाला वायर ब्रशही लावू नये.

आटे_सांभाळा

खरी गंमत प्लग परत बसवताना आहे. पहिले आटे पान्याने लावायचे नाहीत. इंधनाच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर चढवा आणि नळीने प्लग फिरवा. आधी उलटा फिरवायचा. हाताला बारीकसा "टक" जाणवला की तिथून सुलटा. आटा वाकडा लागला तर नळीच घसरते आणि प्लग तिथेच थांबतो. पाना असता तर तुम्ही जोर लावून पुढे गेला असता. हाताने पूर्ण, वॉशर टेकेपर्यंत गेला पाहिजे. दोन फेऱ्यांत अडला तर काढा, आटे पुसा, पुन्हा लावा.

ॲल्युमिनियम हेडसाठी टॉर्क (आवळण्याचा जोर) साधारण असा: १० मिमीला १० ते १२ न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०, १४ मिमीला २५ ते ३०. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. टॉर्क पाना नसेल तर नवा प्लग वॉशर टेकल्यावर सुमारे अर्धा फेरा. तो अर्धा फेरा वॉशर चेपण्यासाठी असतो. जुनाच प्लग परत बसवताना वॉशर आधीच चेपलेला असतो, तेव्हा बाराव्या हिश्शाएवढा फेरा पुरे. १० मिमीच्या प्लगवर लांब दांड्याचा पाना लावून "अजून थोडं" करणाऱ्याला नंतर हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी घालायची तारेची गुंडाळी) बसवावी लागते. ढिला प्लगही धोक्याचा: त्याची उष्णता वॉशरमार्गे हेडमध्ये जात नाही आणि टोक जळतं.

कॉपर_ग्रीस

आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं ग्रीस) चोपडूनच प्लग बसवावा या मताचा मी आहे, निदान साध्या काळ्या आट्यांच्या प्लगला. अगदी कणभर, आणि पहिला आटा कोरडा ठेवून.

आटे_सांभाळा

काळ्या आट्यांपुरतं मान्य. पण हल्लीच्या बहुतेक प्लगच्या आट्यांवर चकचकीत मुलामा असतो आणि वरचे टॉर्कचे आकडे कोरड्या आट्यांचे आहेत. ग्रीस लावून तोच आकडा गाठला तर घर्षण कमी झाल्यामुळे प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. नवशिक्याने कोरडाच बसवावा.

हाय_टेन्शन

वायरबद्दल कुणीच लिहिलं नाही. आधी पाहा, वायर कॉइलमधून (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज देणारा भाग) सुटते का. बऱ्याच गाड्यांत ती कॉइलमध्येच ओतलेली असते. तिथे ओढाताण न करता कॉइल वायरसकट बदलायची. सुटी असेल तर ७ मिमीची, तांब्याच्या तारांची घ्या. कॅपच्या आत लाकडी स्क्रूसारखा टोकदार स्क्रू असतो, तो तारांच्या गाभ्यात रुतून जोड होतो. कार्बनच्या गाभ्याची वायर तिथे चालत नाही, स्क्रू तिचा गाभा फोडतो.

जुन्या वायरला नवी कॅप लावताना टोकाचे ५-६ मिमी सरळ कापा. हिरवट पडलेलं तांबं जाऊन लखलखीत तारा दिसल्या पाहिजेत. मग कॅप सुलट फिरवत घट्ट होईपर्यंत चढवा. मल्टिमीटरने कॅपचा रोध पाहा: ५ किलोओहमची कॅप असेल तर आकडा त्याच्या आसपास यावा. काहीच येत नसेल तर कॅप गेली. कॅपच्या रबरी ओठाला आतून सिलिकॉन डायलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या, पाणी आत जात नाही.

दोन किंवा चार सिलिंडर असतील तर एका वेळी एकच वायर काढायची, किंवा आधी चिकटपट्टीवर आकडे लिहून लावायचे.

काजळी

जुना प्लग फेकण्याआधी पाहून घ्या. फिकट तपकिरी किंवा करडा: ठीक. कोरडी काळी काजळी: मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), चोक अडकलेला किंवा एअर फिल्टर तुंबलेला. ओला, तेलकट काळा: रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. पांढरा, फोड आलेला: मिश्रण लीन (पेट्रोल कमी) किंवा प्लग जास्त गरम रेंजचा. काजळीचं कारण तसंच ठेवलं तर नवा प्लगही लवकरच तसाच होईल.

चौदा_एमएम

काम झाल्यावर गाडी सुरू झाली नाही तर आधी प्लगच्या वरचं टोक पाहा. बऱ्याच मोटारसायकलींच्या कॅपला नुसता आटे असलेला बारीक खुंट लागतो, वरची गोल टोपी फिरवून काढावी लागते. काही कॅपना ती टोपी लागते. ती हवी असेल तर पकडीने घट्ट करा, नाहीतर सैल टोपीमुळे गाडी मिसिंग मारते. कॅप दाबल्यावर खट् असा आवाज आला पाहिजे.

हाय_टेन्शन

ठिणगी पाहायची असेल तर प्लग कॅपमध्ये घालून त्याचं धातूचं अंग हेडला घट्ट टेकवा, पण उघड्या प्लगच्या भोकापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ येते. प्लग इन्सुलेटेड पकडीने धरा. प्लग हवेत अधांतरी ठेवून किक मारू नका, ठिणगीला जागा मिळाली नाही तर कॉइल आणि सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) दोन्ही जाऊ शकतात. फक्त पावसात किंवा धुतल्यावर गाडी अडखळत असेल, तर प्लगच्या खड्ड्यातून बाहेर येणारं पाण्याचं बारीक भोक मातीने बुजलंय का पाहा. बारीक तार घालून ते मोकळं करता येतं, पण प्लग जागेवर असतानाच.