फ्लॅटमध्ये आलो आणि पोरगा घरातच बसायला लागला

सातारकर_आई: नमस्कार, मुलगा 8 वर्षांचा आहे. आधी आम्ही पेठेत राहायचो, बोळात कायम पोरांचा दंगा असायचा, आता शाहूपुरीत फ्लॅट घेतला तर खाली नुसतं पार्किंग, गेटबाहेर गाड्या सुसाट, सोडायची भीतीच वाटते, मग शाळेतून आला की सोफा न् मोबाईल. परिसराचा खरंच एवढा फरक पडतो का?

गोडोलीकर: पडतो ओ. बाग जवळ असून भागत नाही, तिथपर्यंत पोराला एकटं सोडायचा धीर झाला पाहिजे. आमच्याकडं बाग 5 मिनिटांवर आहे पण मधला रोड ओलांडायलाच भ्या वाटतं.

पीटी_सर: ताई, न खेळणं वेगळं आणि बसून राहणं वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 ला सांगितलंय, 5 ते 17 वयाला रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल पाहिजे आणि शिवाय बसण्याचा वेळ, खास करून स्क्रीनसमोरचा, कमी पाहिजे. तासभर खेळाचं कोचिंग लावलं न् बाकी वेळ लोळत काढला तर अर्धंच काम झालं, म्हणून घराखाली येताजाता खेळता येणं लय महत्त्वाचं. सोसायटीत बोलून संध्याकाळी 5 ते 7 पार्किंगचा एक कोपरा मोकळा ठेवा.

सातारकर_आई: सर, आजच ग्रुपवर टाकते. रविवारी ह्यांच्याबरोबर त्याला अजिंक्यतारा किल्ल्यावर पण पाठवते, पहिल्यांदा कुरकुर करेल पण जाईल.

गोडोलीकर: आमची दोघं पण येतात, सोबत असली की पोरं चढतात.